गुरगुट्या भाताचं दुकान

शेवंतामावशी तांदळाचा भाव सर्वांत शेवटी सांगायच्या. आधी चौकशी व्हायची ती घेणाऱ्याच्या घरादाराची. भाज्याची लेणी पाहून परतणारी मंडळी शनिवार-रविवारी त्यांच्या ओट्यापाशी थांबत आणि "मावशी, तांदूळ कसा?" असं विचारत. मावशी उलट विचारायच्या, "घरात ल्हान लेकरू हाये का? म्हातारं मानूस?" दोन्ही नसलं, तर पोत्यावर हात ठेवून म्हणायच्या, "मंग तुमाला कशाला वो ह्यो तांदूळ?" गिऱ्हाईक बिचारं ओशाळून निघून जायचं.

माझीही अशीच झडती झाली होती. मी तळेगावची. ऑफिसातली नोकरी सुटली होती आणि मावळचा इंद्रायणी तांदूळ ऑनलाइन विकायचं डोक्यात घेतलं होतं.

"घरी कोन कोन?"

"मी, नवरा आणि सासूबाई."

"सासूला दात हायेत?"

"थोडे आहेत."

"मंग ने."

मला घरासाठी नको, विकायला हवाय, असं मी सांगितलं. "कुनाला इकनार?" "सगळ्यांना. भात काय, सगळेच खातात." मावशींनी मला नीट न्याहाळलं. "सगळी म्हंजी कोन गं? एकाचं नाव सांग."

मला एकही नाव सांगता आलं नाही. पण मी शिकलेली होते, त्यामुळे गप्प बसले नाही. त्यांना मोबाइल, कुरिअर, जाहिरात असं बरंच काही समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चहा दिला. त्या वर्षी त्यांनी तांदूळ व्यापाऱ्याला घातला नाही. माझ्या भरवशावर घरातच ठेवला.

दुकानाच्या पानावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'प्रत्येक घरासाठी.' ऑर्डरी आल्या. मागोमाग तक्रारीही आल्या. भात चिकट होतो, गोळा होतो. एका बाईंनी लिहिलं, 'पाहुण्यांसमोर लाज गेली. भात नव्हे, खळ झाली.' दोन-तीन पिशव्या परत आल्या, नव्या ऑर्डरी थांबल्या. एका दुपारी मी भाज्याला गेले, ती दुकान बंद करते म्हणून सांगायलाच.

मावशींनी सगळ्या तक्रारी मोठ्यानं वाचायला लावल्या. खळवाल्या बाईंपाशी मला थांबवलं. "काय रांदलं व्हतं तिनं?" "बिर्याणी." मावशी पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या, की सून आतून बघायला आली. "आगं, हा मऊ गुरगुट्या भाताचा तांदूळ! त्याची बिर्यानी करायची, म्हंजी म्हस लगीनगाडीला जुपायची!"

मग म्हणाल्या, "आता ग्वाड कोन बोललं, ते वाच." तशी सात-आठच माणसं होती. कुणाच्या बाळानं पहिल्यांदा पोटभर खाल्लं होतं, कुणाच्या वडिलांना नवी कवळी टोचत होती, कुणी आजारातून उठलं होतं. "हीच तुजी मानसं," मावशी म्हणाल्या. "बाकीच्यांना न्हाई म्हन."

"मावशी, नाही म्हणायला दुकान काढलंय का मी?"

"आदी न्हाई म्हनाया शीक. मंग व्हय म्हन."

मी घरी येऊन पान बदललं. 'बाळांसाठी, आजी-आजोबांसाठी. बिर्याणीसाठी कृपया घेऊ नका.' नवऱ्यानं ते वाचून कपाळाला हात लावला.

त्याच आठवड्यात लोणावळ्याचे एक हॉटेलवाले मोटारीतून मावशींच्या दारात आले. घरातला सगळा तांदूळ एकदम उचलायला तयार होते. नेमकी मीही तिथंच होते. मला तर देवच पावल्यासारखं झालं. मावशींनी विचारलं, "काय करनार?" "पुलाव." "मंग वडगावच्या बाजारात जावा. मोकळ्या भाताचा तांदूळ तितं गावतो." मोटार धूळ उडवत गेली. मी चिडून म्हणाले, "तांदूळ तुमचा आहे, पण दुकान माझं आहे!" आणि चहा न घेताच निघाले. पंधरा दिवस फोन केला नाही.

पंधरा दिवसांनी त्यांचाच फोन आला. "पोरी, राग निवला असंल तर ये. एक बाई तुजा नंबर मागती. तिच्या लेकराला दात येतायत."

तांदूळ संपायला पार उन्हाळा उजाडला. एका पोत्याला किडे लागले, ते चाळत बसताना मावशी माझी नजर चुकवत होत्या. पण एकही पिशवी परत आली नाही. घेणारे पुन्हा मागू लागले, बहिणीला, शेजारणीला सांगू लागले. पुढं तर लोक तांदळाआधी मावशींनाच मागत. बाळाला किती पाण्यात शिजवू, तूप कधी घालू, रडतंय ते भुकेनं की पोटदुखीनं! मावशी फोन कानाला न लावता तोंडासमोर आडवा धरून ओरडत. निम्मं भाजे ऐकत असे.

गेल्या वर्षी भातकापणीनंतर मावशी गेल्या. दोन दिवसांचा ताप, तेवढंच निमित्त. मी गिऱ्हाइकांना चार ओळींचा निरोप पाठवला आणि दुकान महिनाभर बंद राहील असं कळवलं.

तेराव्याला ओट्यावर भावकी बसलेली असताना मळवली स्टेशनवरून रिक्षानं एक म्हातारं जोडपं आलं. साताऱ्याकडचं होतं. आजोबांच्या हाताला धरून आजी पायऱ्या चढल्या. मावशींच्या सुनेनं पाणी दिलं आणि संकोचून विचारलं, "वळखलं न्हाई. तुमी आत्याबाईंच्या कोन?"

आजींनी तांब्या खाली ठेवला. "आम्ही त्यांना कधी पाह्यलं नाही बाई," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या आजारपणात त्या रोज फोन करायच्या, आज किती घास खाल्ले म्हणून. फोटो असला तर दाखवा."