मोकळी ठेवलेली ओळ

बंगळूरहून निघालेल्या बसने सकाळी मला शीळफाट्यावर उतरवलं. उतरल्या उतरल्या चारी रस्त्यांची धूळ नाकात. अडीच वर्षांनी येत होतो. ऑफिसात घरचं काम सांगितलं होतं, पण तुमच्यापासून काय लपवायचं? मला माझ्या बँडमध्ये परत घेता का, एवढं विचारायला आलो होतो.

खांद्यावरची बेस गिटार पाहून रिक्षावाल्याने विचारलं, हळदीला वाजवायला चाललात का. मी हो म्हणून टाकलं. आमची सुरुवात हळदीतच झाली होती, तेव्हा अगदीच थाप नव्हती.

कल्याणच्या बाजूला जाताना दोन्हीकडे नुसते टॉवर. त्यांतल्या दोनांखाली हरेशची भातशेती गेलीय. हरेश आमचा ड्रमर, इथल्याच गावातला आगरी. त्याचे आजोबा मिठागरात राबलेले, म्हणून बँडचं नाव 'मीठभाकर'. मंदार डोंबिवलीचा; गाणी त्याची, पहिला आवाज त्याचा. मी बेस आणि दुसरा आवाज. आम्ही वाजवायचो त्याला पॉवर-पॉप म्हणतात: गिटार दणदणीत, चाल गोड आणि तीन मिनिटांत खेळ खल्लास. पहिला कार्यक्रम हरेशच्या चुलतभावाच्या हळदीत. मंडळींना नाचायचं होतं आणि आमचा मंदार डोळे मिटून विरह आळवत होता. तिसऱ्या गाण्याला आम्हाला प्रेमाने जेवायला बसवलं. मग ठाण्यातली कॉलेजं झाली, टेंभी नाक्याजवळ दहीहंडीच्या स्टेजवर दोन पथकांच्या मधली दहा मिनिटं मिळाली. काय दिवस होते हो! मी ते नोकरीसाठी सोडून गेलो.

हरेशच्या ओटीवर काशीआत्या भेटली. ही त्याची आत्या, धवलारीण (लग्नात विधींची गाणी गाणारी बाई). तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी पुढ्यात आली; नको म्हणायची सोय नव्हती. आम्हाला दोन आवाजांत गायला तिनेच शिकवलं. तिचा नियम एकच: पहिलीचा श्वास संपायच्या आत दुसरीने ओळ उचलायची. लग्नघरात गाणं तुटू द्यायचं नाही.

"तुजा गला हाय तसाच हाय," ती म्हणाली. मला वाटलं, जमलं आपलं काम.

गच्चीवरच्या खोलीत हरेश, मंदार आणि माझ्या माईकपुढे एक मुलगी. पूर्वा. दोन महिन्यांपूर्वी आलेली, शास्त्रीय शिकलेली, आवाज लख्ख. संध्याकाळी ठाण्यात कार्यक्रम होता म्हणून तालीम चालली होती. पण मंदारची ओळ पुरती संपेपर्यंत ती अदबीने थांबायची आणि तेवढ्यात गाणं तुटायचं. बरं झालं आलास, हिला जरा दाखव, असं मंदार म्हणाला.

मी दाखवलं. सहा वेळा. सातव्यांदा तिने ती ओळ अशी उचलली की हरेश वाजवायचाच थांबला. मला आनंद झाला आणि मी माईकपासून दोन पावलं मागे सरकलो, दोन्ही एकदम.

ती पाणी प्यायला खाली गेल्यावर मी विचारून टाकलं, "मला परत घ्याल का रे?"

मंदार तारा जुळवत राहिला. मग म्हणाला, "तू गेलेलास ना, तेव्हापासून सव्वादोन वर्षं तुझी ओळ मोकळी ठेवून गायलो आम्ही. लोकांना वाटायचं, आम्ही चुकतोय. तू एक फोन नाही केलास."

चिडून म्हणाला असता तर भांडलो तरी असतो. नोकरी पक्की झाली की करू, घर लागलं की करू, असं करता करता फोन राहून गेला होता. हे काय सांगणार?

संध्याकाळी ठाण्याच्या त्या छोट्या हॉलमध्ये मी दाराशी उभा होतो. पूर्वाने ओळ अचूक उचलली. पुढच्या रांगांतली पोरं तिच्याबरोबर गायला लागली. मी ओठ घट्ट मिटून घेतले. कार्यक्रम संपल्यावर हरेश मला बसपर्यंत सोडायला आला.

दुसऱ्या दिवशी बंगळूरच्या खोलीत दार लावून ती ओळ मोठ्याने म्हणून पाहिली. बरोबर लागली. पण दुसऱ्या आवाजाची ओळ एकट्याने म्हटली की ते गाणं वाटतच नाही. कुणाला तरी हो म्हणतोय आणि समोर कुणी नाही, असं वाटतं.