कुर्तीच्या आतल्या बाह्या

बिनबाह्यांची रेडिमेड कुर्ती घेतली की बाह्यांचं कापड आतल्या शिवणीला टाचलेलं असतं. लावायच्या तर लावा, नाहीतर राहू द्या. दुकानात उभं असताना हे किती सोपं वाटतं! मी मात्र त्या दोन तुकड्यांवरून मागच्या वर्षीचा अख्खा एप्रिल घालवला.

मी वाशीमच्या एका पतसंस्थेत काम करते आणि मेडशीहून रोज एसटीने ये-जा करते. आमच्याकडच्या एक मॅडम माहेरच्या नागपूरच्या. त्या उन्हाळ्यात बिनधास्त बिनबाह्यांचं घालून यायच्या. त्या जागेवर नसल्या की डबा खाताना आमचा तोच विषय. ऑफिसात हे शोभतं का, साहेब काय म्हणतील, खातेदार काय म्हणतील. यात सगळ्यात जास्त तोंड माझंच चालायचं. कारण तसलीच एक कुर्ती माझ्या कपाटात पडून होती आणि ती घालायला माझा जीव तळमळत होता.

शेवटी एकदा मॅडमनाच विचारलं. त्या हसल्या. "साहेब मला काही म्हणाले का? मग तू काहून उकडून मरून राह्यली?"

ऑफिसचा प्रश्न मिटला. घरचा मिटणार नव्हता, म्हणून तो मी काढलाच नाही. उन्हाळ्यात आमच्याकडच्या पोरी घराबाहेर पडताना अंगावर सनकोट चढवतात आणि तोंडाला स्कार्फ बांधतात. आत काय घातलंय ते ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. मे महिन्यात एका सकाळी तशीच निघाले. ऑफिसात पोचल्यावर सनकोट काढला आणि दाराजवळच्या खुंटीला, पाण्याच्या जारच्या वर अडकवला. माझे दंड इतके पांढरेफटक निघाले की दुसऱ्या कुणाचे उसने आणल्यासारखे वाटत होते. कुणी काहीच बोललं नाही. एवढा जीव टांगणीला लावला आणि कुणी ढुंकूनही पाहिलं नाही, याचा थोडा रागच आला.

दुपारी दार ढकलून बाबा आत आले.

ते याआधी कधी माझ्या ऑफिसात आले नव्हते. अंगात शेतातली बंडी, तीही बिनबाह्यांची, पाठीवर घाम वाळून मीठ फुललेलं. हात वंगणाने काळे झालेले. साहेबांनी मान वर करून विचारलं, "काय काम आहे, काका?" बाबांनी माझ्याकडे बोट केलं. "काई नाई, हे माही पोरगी हाय."

आमच्याकडे उन्हातून आलेल्या माणसाला आधी पाणी देतात, मग बाकीचं बोलतात. अनोळखी माणसालाही देतात. जार होता त्यांच्या मागे, दाराजवळ. सनकोटही तिथेच. तिथवर जायचं म्हणजे सगळं ऑफिस ओलांडून, उघड्या हातांनी, त्यांच्या डोळ्यांसमोरून. मी टेबलाला चिकटून बसले, हात खाली मांडीवर घेतले, समोर फायलींची चळत ओढली आणि बसल्या जागेवरून म्हणाले, "बाबा, तुमी? बसा नं."

"नाई, विहिरीवरची मोटर जळाली. वायंडिंगले टाकली, तिकडंच जातो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सगळ्यांच्या कपड्यांकडे पाहिलं आणि आले तसे गेले. दार लागलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. ही गोष्ट आजही माझ्या घशाखाली उतरत नाही.

परतीच्या एसटीत मी उत्तरं जुळवत बसले. त्यांनी माझे दंड पाहिले असतील का, आता नोकरी सोड म्हणतील का, आईला सांगितलं असेल का. घरी आले तर बाबा अंगणात बाजेवर बसलेले. मी सनकोट काढलाच नाही.

"बाई," ते खाली पाहत म्हणाले, "म्या बंडीवर याले नव्हतं पायजे. मोटर घेऊन तसाच गाडीत बसलो. म्हटलं बाईच्या हापिसात गार पानी पिऊन येतो. तुह्या सायबासमोर तुले कसंतरीच वाटलं असन. उठली बी नाई तू."

मी काय बोलायला हवं होतं ते मला तेव्हाही माहीत होतं. बाबा, तुमची नाही, माझीच लाज वाटत होती, एवढंच. पण ते सांगायचं तर सनकोटची बटणं काढावी लागली असती. मी म्हणाले, "तसं काई नाई, बाबा. काम लई होतं." आणि आत निघून गेले. माझे दंड झाकले जावेत म्हणून मी त्यांना तसंच समजू दिलं. त्या रात्री कुर्तीच्या आतले टाके उसवून बाह्या काढल्या आणि मशीनवर लावून टाकल्या.

पेरणीच्या आधी बियाण्यासाठी बाबा वाशीमला आले, तेव्हा पुन्हा ऑफिसात आले. या वेळी फुल बाह्यांचा टेरिकॉटचा शर्ट होता, फक्त लग्नाला निघणारा. गळ्यापासून मनगटापर्यंत सगळी बटणं लावलेली. ते दारात दिसताच मी उठले, धावत जाऊन पाणी दिलं, साहेबांना सांगितलं, "माझे बाबा." साहेबांनी खुर्ची दिली. बाबा तिच्या टोकावर बसले. कानामागून घाम गळत होता.

"काका, बटणं काढा, आरामात बसा," साहेब म्हणाले. "गरमी किती आहे."

बाबांनी एका मनगटाचं बटण काढलं. मग माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा लावलं.

"राहू द्या, साहेब," ते म्हणाले. "असंच बरं दिसते."

माझ्या अंगात तीच कुर्ती होती, बाह्या लावलेली. मी दुसरा ग्लास भरायला जारकडे गेले आणि तो भरून वाहायला लागला तरी तिथेच उभी राहिले.