आधी उलटा हात

कशालाही हात लावायचा तर मावशी आधी उलटा लावायच्या. फ्रिजला, इस्त्रीला, दाराच्या लोखंडी कडीलासुद्धा. तुम्ही म्हणाल, सोवळं असेल. आम्हीही तसंच समजत होतो.

बोळिंजच्या आमच्या इमारतीत त्या तळमजल्यावर राहायच्या. माहेर पाचूबंदरचं, नोकरी मुंबईच्या इस्पितळात, आयाची. निवृत्त झाल्या तेव्हा तिथलं फरशी पॉलिश करायचं जुनं मशीन भंगारात निघालं होतं. लोक निवृत्तीला घड्याळ आणतात, ह्यांनी टेम्पोतून ते धूड आणलं. मोटरचे झिजलेले कार्बन बदलले, बेअरिंगला ग्रीस भरलं, काथ्याचा नवा ब्रश बसवला. वायरही स्वतःच जोडली. सून सविता मशीनला ‘धाकट्या सासूबाई’ म्हणायची, कारण घरात तिच्याहून जास्त जागा त्याला होती.

उलट्या हाताचं कारण मावशींनी एकदा सांगितलं. “सरल हाताला करंट लागला तं मूठ वलते, वहिनी. मग सुटत नाय. उलटा हात झटकून मागं येते.” इस्पितळात कुणाची तरी मूठ सुटली नव्हती. कुणाची ते त्यांनी सांगितलं नाही.

सोसायटीच्या सत्यनारायणाची ती सकाळ. मावशी तळमजल्याच्या पॅसेजला मेण लावून मशीन फिरवत होत्या. अर्धा पॅसेज झाला आणि लाइट गेले. लोडशेडिंगच ते, तासभर तरी येणार नाहीत, म्हणून मशीन तिथंच सोडून त्या जिन्यात माझ्याशी गप्पा मारायला बसल्या. लाइट नाहीत तर उरलेली फरशी तरी धुऊन घेऊ, म्हणून सविताने दोन बादल्या पाणी ओतलं. तिचं काय चुकलं?

लाइट वेळेआधीच आले. मशीन एकटंच घरघरलं आणि स्वतःभोवती गरगरत, दांड्याने दारं बडवत पाण्यात शिरलं. सासूचा जीव त्यात अडकलाय हे सविताला ठाऊक होतं. ती अनवाणी धावली, दोन्ही हात पुढे करून.

“हात नको! सविता, हात नको लावू!” मावशींचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. घरघरीत तो सविताला ऐकूच गेला नाही. “वहिनी, मेन!”

मीटरची पेटी माझ्या पाठीशीच होती. कुठला मेन कुणाचा, कोण बघतंय! दिसले ते सगळे खटके मी खाली ओढले.

मशीन थांबलं. सविताची बोटं दांड्यापासून वीतभर लांब होती.

मावशी पाण्यातून गेल्या. सविताच्या कपाळाला त्यांनी उलटा हात लावला. “पानी तू टाकला, पन स्विच मीच चालू ठेवला,” एवढंच म्हणाल्या.

दुपारी वायरमनने तपासलं. अर्थिंगची वायर सुटली होती आणि पाणी आत जाताच दांड्यात करंट उतरला होता. ती जोडणी मावशींचीच. त्या दिवशी त्या प्रसादालाही आल्या नाहीत.

मशीन त्यांनी टाकून दिलं नाही. वायर वायरमनकडून नवी घालून घेतली. पण त्यानंतर प्लग लावायचा आणि काढायचा तो सविताने, मावशींनी नाही. लाइट गेले की सविता प्लग काढून हातात धरून उभी राहायची आणि मावशी निमूटपणे वाट बघायच्या. सासू-सुनेचं इतकं जमलेलं मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिलं नाही.

गेल्या तेव्हा मावशींना पॅसेजमध्येच ठेवलं होतं, त्यांनीच चकाकवलेल्या फरशीवर. सविता कोरड्या डोळ्यांनी पुढे आली, वाकली आणि तिने त्यांच्या गालाला आधी उलटा हात लावला.

हात मागे आला नाही. तिथंच राहिला.