पिवळा फौजेत गेला तवा

थोरला भाऊ फौजेत, सरहद्दीला. तिकडं बरफ कसा पडतो ते आयला बघायचं व्हतं, म्हणून मी मोबाईलवर बरफाचा व्हिडिओ लावून दिला. त्यो संपला आन् फोननं आपल्या मनानंच दुसरा लावला. पडत्या बरफात कोरियाची पाच पोरं गात नाचत व्हती, पातळ शर्टं घालून.

आय लय येळ बघत बसली. मग म्हणली, "आरं, ह्यांच्या आया कुठं हायत?"

तितनं सुरू झालं. दुपारी शेंगा फोडता फोडता आय आन् चुलती त्या पोरांची गाणी लावायच्या. शब्द एक कळायचा न्हाई. चुलती म्हणायची, "भजनातलं तरी सगळं कुठं कळतंय?"

आबा फौजेतनंच हवालदार म्हणून रिटायर झालेले. पयलं नाक मुरडायचे. एक दिवस मागं येऊन उभं ऱ्हायले आन् म्हणले, "डावा पाय बघ. एकाचाबी चुकत न्हाई. ड्रिल हाय ही." तवापासनं आबांचा चहा गाण्याबिगर घशाखाली उतरेना.

आयचा लाडका पिवळ्या केसांचा. त्याचं नावच पिवळा पडलं. मला नकलांची खोड. एस्टीचा कंडक्टर, आबांचा खोकला, सगळं काढून झालेलं. पिवळ्याचा आवाज मऊ, वाक्याच्या शेवटाला झोपाळ्यावानी वर जाणारा. त्या आवाजात मी म्हणायचो, "आये, भाकरी वाढ की गं." आय हसता हसता शेंगा सांडायची.

मग फोटो आला. पिवळ्याचं डोकं तासलेलं. त्यांच्याकडं परत्येक पोराला फौजेत जावंच लागतं, त्याची पाळी आलीती.

"आता कसं जवान दिसतंय पोरगं," आबा म्हणले.

आमच्या गावात घरटी एकजण फौजेत. पोरगं निघालं की काय करायचं, ते बायकांच्या हातालाच ठावं असतं. पिवळा जायच्या दिवशी आयनं पाट मांडला, तांब्याला टेकून फोन ठेवला आन् ओवाळायला लागली. मधीच स्क्रीन काळी पडायची. चुलती कुंकवाच्या बोटानं परत लावायची. पिवळ्याचं कपाळ, गाल, सगळं लाल.

आबा दारातनं बजावत व्हते, "मागं वळून बघायचं न्हाई बरं का." थोरल्यालाबी त्यांनी हेच सांगितलंतं, आन् त्यो न वळता गेलाता.

फोनमधी पिवळा छावणीच्या गेटापतुर गेला. थांबला. वळला, आन् हात हलवला.

"आवं, वळला त्यो," आय म्हणली. ताट हातातच ऱ्हायलं.

"त्यांच्यात चालत असंल," आबा म्हणले, पण बारीक आवाजात.

आयच्या मनानं घेतलं, मागं वळला म्हंजी ह्यो काय परत येत न्हाई. गाणी बंद. आला तरच ऐकीन, म्हणली. नक्कल तेवढी चालायची. उसाला तुरे आलेले, वाऱ्यावर सगळं रान पांढरं डुलायचं, आन् आय बाजेवर डोळं मिटून पडायची.

"पिवळ्या, जेवलास का?"

"जेवलो, आये."

"थंडी हाय का रं?"

"हाय. पण स्वेटर हाय."

"लय चढायला लागतंय का?"

पिवळ्याच्या छावणीला चढ हाय का न्हाई, मला काय ठावं? चढ थोरल्याच्या चौकीला व्हता. मी पिवळ्याच्याच आवाजात म्हणलो, "चढ हाय, पण सवय झालीया." मग तिचा डोळा लागायचा.

थोरला सुट्टीवर आला. आयनं त्यालाबी इचारलं, "पिवळ्याचं काय कळलं का?"

"आये, त्येची पलटण येगळी," म्हणला. आन् परत गेला, न वळता.

ऊस तुटला, बुडख्यातनं परत फुटलेला खोडवा वाढला, त्यालाबी तुरे आले. तवा एका सकाळी फोनमधी तेच गेट दिसलं. पोरगं बाहेर आलं आन् त्यानं सॅल्यूट ठोकला. आबांनी कपबशी खाली ठेवली, टाचा जुळवल्या आन् उलट सॅल्यूट दिला.

"पिवळा कुठं हाय?" आय म्हणली.

"ह्योच की. केस काळं झाल्यात," चुलती म्हणली.

मी त्याच आवाजात सुरू केलं, "आये, आलो बघ..."

आयनं माझ्या तोंडावर हात ठेवला. हाताला शेंगांचा वास.

"गप रं. आता त्याला बोलू दे."

त्यो त्याच्या भाषेत लय येळ बोलला. आय परत्येक वाक्याला "व्हय, व्हय" करत ऱ्हायली. मग शेंगांची पाटी पुढं ओढली आन् म्हणली, "लाव आता गाणं."