ट्रम्पेट वाजल्याशिवाय

जर्मनांना विनोद कळत नाही, असं जगभर म्हणतात. म्हणोत बापडे. आम्ही हसतो, फक्त हसण्याच्या दिवसांत हसतो. नोव्हेंबरात कार्निव्हलचा हंगाम उघडतो, ईस्टरआधीचे उपवास सुरू होतात त्या राखेच्या बुधवारी मिटतो, आणि तेवढ्यात आमच्या ऱ्हाईनकाठच्या गावात जेवढं हसून होतं तेवढं इतरांचं वर्षभरात होत नसेल. सभागृहात मंच असतो, त्यावर गोंडेवाल्या टोप्या घातलेलं अकरा जणांचं मंडळ आणि पुढे एक लाकडी पिंप. वक्ता पिंपात उभा राहून यमकं जुळवत बोलतो. विनोद झाला की बँड एक खणखणीत तान मारतो, म्हणजे कुठे हसायचं ते कुणाला विचारावं लागत नाही. ती तान मारणारा मी. तेव्हा या विषयावर माझ्याशी वाद घालू नये.

आमच्या पिंपाचा मानकरी म्हणजे वेंडेलिन. पेशाने लिफ्ट तपासनीस. एरवी त्याला भेटाल तर दगड परवडला म्हणाल. सैल स्क्रू सापडला तर लिफ्ट बंद करून अख्ख्या इमारतीला जिने चढायला लावणारा माणूस. पण पिंपात शिरला की सभागृह गडाबडा लोळतं. बायको गेली तेव्हापासून मुलगी मेख्टिल्ड हीच काय ती त्याची. ती शिकायला म्हणून लीड्सला गेली आणि तिथल्याच एका इंग्रजाशी लग्न ठरवून बसली. त्या फेब्रुवारीत ती होणाऱ्या सासऱ्यांना घेऊन आली. नवऱ्या मुलाला ऐन वेळी रजा मिळाली नव्हती.

सासऱ्यांचं नाव नॉर्मन. उंच, टकले, मनाने चांगले. पण इंग्रजांचं आमच्या उलट. ते बारा महिने विनोद करतात आणि चेहऱ्यावरची सुरकुतीही हलू देत नाहीत. वेंडेलिनचं गॅरेज म्हणजे दवाखाना, हत्यारं उंचीप्रमाणे टांगलेली. ते पाहून नॉर्मन म्हणाले, "अरेरे, केवढा हा पसारा." मेख्टिल्डने भाषांतर केलं. वेंडेलिनने माफी मागितली आणि झाडू घेतला. दुसऱ्या दिवशी नॉर्मननी कौलांवर बोटभर शेवाळ पाहिलं आणि म्हणाले, "आज हे घर कोसळणार बहुतेक." वेंडेलिन उठला, शिडी घेऊन आला आणि छपरावर चढला. बाहेर पाऊस. बिचारे नॉर्मन अर्धा तास शिडी धरून भिजले. मी समोरच राहतो, खिडकीतून सगळं बघत होतो. मान खाली घालावीशी वाटली.

संध्याकाळी मेख्टिल्ड माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. कार्निव्हलचे तळलेले गोड क्रेपेल पुढे केले, तर हात लावेना.

"लोथारकाका, तिकडे लग्नात नवरीच्या वडिलांनी भाषण करायचं असतं. नुसतं भाषण नाही, लोकांना हसवायचं असतं."

"मग झालं की. तुझ्या पप्पासारखा हसवणारा आणायचा कुठून?"

"इथे, काका. पिंपात. तुझं ट्रम्पेट शेजारी असेपर्यंत. तिकडे कुणी बँड लावून हसत नाही. नॉर्मन सहज काहीतरी बोलतात आणि पप्पा शिडी आणतो. मी ते भाषण नॉर्मनच्या भावाला सांगणार आहे."

"वेंडेलिनला बोललीस?"

"बुधवारी निघताना बोलेन."

"जीव जाईल त्याचा."

"माहितीये. पण सगळ्या वऱ्हाडासमोर त्याचं हसं झालेलं मला बघवणार नाही." एवढं बोलून ती रडायला लागली.

मला राग आला. तिचा आला, त्या टकल्या इंग्रजाचा आला आणि वेंडेलिनचाही आला. काय नडलं होतं त्याचं शिडी आणायला?

रविवारी दुपारी सभा भरली. नॉर्मन पहिल्या रांगेत, एका हातात सॉसेज, दुसऱ्या हातात वाइन, शेजारी मेख्टिल्ड जमिनीकडे बघत. वेंडेलिन पिंपात शिरला, टोपी सारखी केली आणि सुरू झाला.

"पाहुणे म्हणाले, घर पडणार! चेहऱ्यावर रेष हलेना,
म्हटलं, आपण जर्मन बाबा, विनोद आपल्याला कळेना!"

मी तान मारली. सभागृह फुटलं. मेख्टिल्डने मान वर केली.

"शिडी धरून पाहुणे खाली, पाऊस त्यांच्या टकलावर,
मी आपला निवांत बसलो कौलं मोजत छपरावर!"

मेख्टिल्ड नॉर्मनच्या कानाला लागली होती. तिचं भाषांतर संपेना, म्हणून मी तान लांबवली. ओठ फुटायची वेळ आली, पण सोडली नाही. नॉर्मनचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला, आणि अख्खं सभागृह शांत झाल्यावर ते एकटेच गडगडाट करून हसले. ते ऐकून बाकीचे पुन्हा हसले. शेवटी अध्यक्षांनी नेहमीसारखा हुकूम सोडला: टाळ्या, मग पाय आपटा, मग शिट्ट्या. नॉर्मननी विचारलं, "हुकमावर?" आणि सगळ्यांपेक्षा जोरात पाय आपटले.

नंतर मी वेंडेलिनला कोपऱ्यात गाठलं. "खरं सांग. शिडी आणलीस तेव्हा ते थट्टा करतायत हे कळलं होतं तुला?"

त्याने विचार केला. खोटं बोलणं त्याच्या पेशात बसत नाही. "झाडू घेतला तेव्हा नव्हतं कळलं. शिडी लावली तेव्हाही नाही. वर गेल्यावर कळलं."

"मग लगेच उतरायचंस ना."

"का? ते छान भिजत होते." आणि थोडं थांबून, "शिवाय पन्हळीची एक पट्टी खरंच सैल होती."

"मग पोरीला सांगितलं का नाहीस? ती इकडे झुरतेय."

"मला वाटलं, कळलं असेल तिला," तो म्हणाला. "माझी मुलगी आहे ती."

बुधवारी टॅक्सी आली. सगळ्यांच्या कपाळावर चर्चमधल्या राखेचा टिळा, हंगाम मिटलेला, माझं ट्रम्पेट पेटीत बंद. नॉर्मननी गंभीर चेहऱ्याने छपराकडे बघितलं. "वेंडेलिन, टिकेल ना हे?"

"लिफ्ट असती तर लेखी दिलं असतं," वेंडेलिन तितक्याच गंभीरपणे म्हणाला.

मेख्टिल्डने भाषांतर केलं. कुणी हसलं नाही. खरंच बोलतोय की थट्टा करतोय, मलाही सांगता आलं नसतं. वेंडेलिनने मुलीची बॅग उचलून टॅक्सीत ठेवली.

"बघितलंस?" तो तिला म्हणाला. "तिकडे ट्रम्पेट नसणार. ते वडिलांचं भाषण असतं म्हणतात, ते दुसऱ्या कुणाला तरी सांग. तुला खाली बघायला लागायला नको."

म्हणजे सगळं त्याला दिसत होतं. मेख्टिल्डने माझ्याकडे बघितलं. मी रिकामे हात दाखवले. तेव्हा तिने मूठ तोंडाला लावली, गाल फुगवले आणि भर रस्त्यात, राखेच्या बुधवारी, तोंडाने ती तान मारली. पुरती, माझ्याइतकी लांब. नॉर्मन हसले, नेहमीप्रमाणे जरा मागून.

"उशिरा मारलीस," वेंडेलिन म्हणाला. "वाक्य संपलं की लगेच मारायची असते."

"शिकेन. लग्नाला जूनपर्यंत वेळ आहे," मेख्टिल्ड म्हणाली. "भाषण तू तयार कर, पप्पा."

टॅक्सी वळणापलीकडे गेली तरी वेंडेलिन मान वर करून पन्हळीकडे बघत उभा होता. ती पट्टी त्याने तेव्हाच घट्ट केली होती.