मेणातला तुकडा

आमच्या ह्यांच्या मेंदूतली गाठ काढली खरी, पण ती पुन्हा उसळणारी, वाईट जातीची निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काढलेला तुकडा मेणात बसवून ठेवलाय, तो बाहेरगावच्या मोठ्या लॅबला पाठवा. गाठीच्या पेशींत नेमका कोणता बिघाड आहे ते त्यातून कळतं. काही बिघाडांवर बरोबर तिथंच मारणारी गोळी असते. "सगळ्यांना नसते हं, आजी," असंही म्हणाल्या. मी म्हटलं, नसली तर नसली, पाहिल्याबिगर मी सोडते होय!

धाकटे दीर तो तुकडा घेऊन आले. बर्फीच्या वडीपेक्षाही लहान, प्लास्टिकच्या डबीत. मी आत जाऊन ह्यांना औषध पाजून येते, तर डबी गायब अन् दीरही गायब.

आता आमच्या घरची रीत अशी, की अंगापासून सुटलेलं काही घरात ठेवायचं नाही. सासऱ्यांचं बोट उरला गावच्या रोलिंग मिलमध्ये तुटलं, तेही खारून नदीत सोडलं होतं. मी काय ते समजले. आमच्या पुरानी बस्तीतून ऑटो केली ती थेट नदीवरचा महादेव घाट.

दीर चपला काढून शेवटच्या पायरीवर उभे. डबी पानांच्या दोन्यात, वर झेंडूची फुलं!

"भाऊजी, काय करून राहिले?"

"वहिनी, दादाचं मांस हाय ते. घरात ठेवणं बरं नाही. गुरुजी भी हव म्हणाले."

"मंग गोळी भी गुरुजीच देतील काय? हा गेला तर दुसरा तुकडा काढाले दादाचं डोकं पुन्हा उघडा लागन. तुम्ही उघडता?"

फुलवाली म्हणाली, "दीदी, घाट पे झगड़ा मत करो."

"झगड़ा नहीं, इलाज कर रही हूँ," म्हणत मी डबी उचलली. आत पाणी गेलं नव्हतं.

दीर तिथंच पायरीवर बसले. साठीचा माणूस, हमसून रडायला लागला. "दादाचे हाल पाहवत नाही, वहिनी."

"मले पाहवते काय? उठा. स्कूटर काढा, कुरियरवाली बंद करून जाईल."

मी मागं बसले, डबी मुठीत घट्ट. दुकानातली बाई फॉर्म भरत होती. "अंदर क्या है?"

दीर पुटपुटले, "सामान है, दवाई का..."

"मेरे आदमी के दिमाग की गाँठ है," मी म्हटलं. "पूरा लिखो. अन् आजच निघाली पाहिजे."