बॅटरी कंपनीचा माणूस

आमचं संस्थान भारतात विलीन झालं, त्यानंतरची ती वर्षं. पोरांना विज्ञानाची गोडी लागावी म्हणून एका बॅटरी कंपनीनं आमच्या वालूरच्या शाळेत माणूस पाठवला. जिंतूरहून मोटारीचा धुरळा खात आला होता. पाठ केलेलं भाषण त्यानं डोळे मिटून म्हटलं, तार जोडून दिवा लावला. आम्ही टाळ्या वाजवल्या. तो सामानाची पेटी आवरायला लागला, तेव्हा मी विचारलं, "साहेब, तारंतून काय जायलंय?"

तो पेटीवरच बसला. रुमालानं मान पुसली.

"खरं सांगू, बाळ? मलाही नीट माहीत नाही. कंपनीनं फक्त दिवा लावायला शिकवलं. इतक्या शाळा फिरलो, कुणी विचारलंच नाही."

मास्तर ओशाळले. मी मात्र हरखले. मोठ्या माणसांनी सगळंच शोधून संपवलेलं नाही, हे मला त्या दमलेल्या माणसामुळं कळलं.